पथकर, पाषाण आणि पूल : पुणे–अहमदनगर मार्ग व फिट्झगेराल्ड पुलाच्या जतनाचा ऐतिहासिक विचार

गोषवारा

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात पक्क्या सडका व दगडी पूल उभे राहिले. त्यांच्या खर्चाची व देखभालीची सांगड वाहतुकीवर आकारल्या जाणाऱ्या पथकराशी घालण्यात आली. पुणे–अहमदनगर मार्गाच्या पुण्याकडील टोकाशी, मुळा-मुठा नदीवर उभा असलेला फिट्झगेराल्ड पूल, म्हणजेच सर्वसामान्यांचा 'बंडगार्डनचा पूल', हा या कालखंडाचा एक ठळक अवशेष आहे. प्रस्तुत निबंधात या मार्गाची पूर्वपीठिका, पथकराचे कायदे, पुलाची उभारणी, रेल्वेमुळे बदललेले मार्गाचे स्थान आणि पुलाचे जतन यांचा क्रमाने विचार केला आहे. पूल जपला गेला, परंतु ज्या रस्त्यामुळे त्याला अर्थ होता त्या रस्त्याचा इतिहास मात्र नोंदीवाचून पुसला जात आहे, हे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : पथकर, दगडी कमानपूल, मुंबई इलाखा, अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्हा, वारसा जतन

प्रस्तावना

इतिहासलेखनात किल्ले, राजवाडे, मंदिरे व समाध्या यांना जे स्थान मिळाले ते रस्ते व पूल यांच्या वाट्यास क्वचितच आले. किल्ल्याला राजा असतो, मंदिराला देवता असते. रस्त्याला मात्र विशिष्ट असा धनी नसतो. त्यावरून सैन्य गेले, वाणी गेला, वारकरी गेला आणि दुष्काळात पोट हातावर घेऊन निघालेला शेतकरीही गेला. त्यामुळे रस्त्याचा इतिहास हा एका अर्थाने सर्वांचा इतिहास ठरतो, आणि म्हणूनच तो कोणाचाच राहत नाही.

अहमदनगर जिल्ह्याचे नामांतर २०२४ मध्ये अहिल्यानगर असे झाले. ज्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांचे नाव जिल्ह्याला देण्यात आले, त्यांचा जन्म १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात चौंडी येथे झाला. घाट, धर्मशाळा, विहिरी व रस्ते यांवर त्यांनी केलेला खर्च सर्वश्रुत आहे. वाटसरूची सोय करणे हा त्या काळी राजधर्माचा व पुण्यकर्माचा भाग मानला जात असे. त्यानंतरच्या शंभर वर्षांच्या आतच वाटसरूकडून रस्त्याचे मोल वसूल करणारी व्यवस्था याच प्रदेशात रूढ झाली. या दोन कल्पनांमधील अंतर समजून घेण्यासाठी पुणे–अहमदनगर मार्ग हे एक उपयुक्त उदाहरण आहे.

मार्गाची पूर्वपीठिका

अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात सीना नदीच्या काठी आपले शहर वसविले. निजामशाहीच्या ताब्यात कोकण किनाऱ्यावरील चौल हे बंदर असल्यामुळे घाटमाथ्यावरून किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटा या राज्याच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. या वाटा म्हणजे आजच्या अर्थाने रस्ते नव्हते. बैलांचे तांडे घेऊन फिरणारे वंजारी व लमाण धान्य व मीठ वाहून नेत. पाठीवर गोणी असलेल्या बैलाला सपाट सडक लागत नाही. त्याला चढता येईल अशी वाट, उतरता येईल असा नदीचा उतार आणि मुक्कामाला पाणी एवढे पुरते. पूल नसल्याने पावसाळ्यात नद्या दुथडी भरल्या की व्यापार मंदावत असे.

सैन्याची गरज मात्र वेगळी होती. तोफांना चाके असतात व चाकांना रस्ता लागतो. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने ८ ऑगस्ट रोजी अहमदनगरची पेठ घेतली आणि १२ ऑगस्ट रोजी भुईकोट किल्ला त्याच्या स्वाधीन झाला. त्याच्या पत्रव्यवहारात दख्खनमधील नद्या ओलांडण्याचा प्रश्न वारंवार येतो. कातड्याने मढविलेल्या टोपलीवजा होड्यांवर त्या काळी सैन्याला अवलंबून राहावे लागे. पुढे घोड नदीच्या काठी शिरूर येथे इंग्रजांची छावणी स्थिरावली. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी भीमेच्या काठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. ही तुकडी पुणे व अहमदनगर यांना जोडणाऱ्या वाटेनेच चालली होती. एका लढाईमुळे ही वाट इतिहासात आली, परंतु वाट म्हणून तिची दखल फारशी घेतली गेली नाही.

या मार्गावर तीन नद्या महत्त्वाच्या आहेत. पुण्याजवळ मुळा-मुठा, कोरेगावजवळ भीमा आणि शिरूरजवळ घोड. घोड ओलांडली की अहमदनगर जिल्हा लागतो व सुप्यावरून वाट नगरला पोहोचते. १८१८ नंतर पुणे व अहमदनगर ही दोन्ही लष्करी ठाणी झाली. नगरहून पुढे वाट उत्तरेस मालेगावकडे, खानदेशच्या दिशेने जात होती. त्यामुळे या मार्गाला प्रथम लष्करी व मागाहून व्यापारी महत्त्व प्राप्त झाले.

पथकराची कल्पना : इंग्लंड ते मुंबई इलाखा

रस्त्यावर आडवा दांडा लावून कर घ्यावा व त्या उत्पन्नातून रस्ता दुरुस्त ठेवावा ही पद्धत इंग्लंडमध्ये १६६३ मध्ये लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यासाठी कायद्याने प्रथम मान्य झाली. अठराव्या शतकात तेथे अशा रस्त्यांसाठी स्थानिक विश्वस्त मंडळे स्थापन झाली. पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा, स्थानिक सावकारांकडून कर्ज आणि नाक्यावरील वसुली असे त्यांचे स्वरूप होते. १८३० च्या दशकापर्यंत अशा मंडळांची संख्या हजाराच्या वर गेली. या नाक्यांविरुद्ध असंतोषही मोठा होता. वेल्समध्ये १८३९ ते १८४३ या काळात शेतकऱ्यांनी स्त्रीवेश धारण करून रात्री नाके फोडले. हा उठाव 'रिबेकाचे दंगे' या नावाने ओळखला जातो. रेल्वे आल्यानंतर या मंडळांचे उत्पन्न आटले व १८९५ मध्ये त्यांतील अखेरच्या मंडळाची मुदत संपली.

हिंदुस्थानात हीच कल्पना आली ती वेगळ्या रूपात. मराठा राजवटीत व तत्पूर्वी वाटेवर जकात घेतली जात असे. ती प्रामुख्याने मालावर असे आणि ठिकठिकाणच्या चौक्यांवर अनेक हक्कदार ती वसूल करीत. कंपनी सरकारने १८३८ च्या पहिल्या कायद्याने मुंबई इलाख्यातील अंतर्गत संक्रमण जकाती रद्द केल्या. व्यापाराच्या वाटेतील अडथळा दूर केल्याचे श्रेय सरकारला मिळाले. परंतु त्याच सुमारास नव्या सडकांवर नवे नाके उभे राहू लागले होते. बोरघाटाची सडक गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या हस्ते १० नोव्हेंबर १८३० रोजी खुली झाली आणि घाट वापरणाऱ्यांकडून पथकर घेण्यात येऊ लागला. मालावरील जकात गेली व वाहनावरील पथकर आला, असे या स्थित्यंतराचे थोडक्यात वर्णन करता येईल.

१८५१ च्या आठव्या कायद्याने सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या रस्त्यांवर व पुलांवर पथकर बसविण्याचा अधिकार सरकारला दिला. या कायद्यातील काही तरतुदी तत्कालीन समाजव्यवहारावर प्रकाश टाकतात. नाक्याजवळ ठळक जागी दरांचा तक्ता लावावा व तो इंग्रजीबरोबरच जिल्ह्याच्या देशी भाषेतही असावा, असा दंडक होता. कर न भरल्यास गाडी, जनावर किंवा त्यावरील ओझ्याचा काही भाग अडकवून ठेवण्याचा अधिकार नाकेदाराला होता. कूच करणारे सैन्य, लष्करी सामान व कामावरील पोलीस यांना मात्र माफी होती. निव्वळ उत्पन्न रस्ते व पूल यांच्या बांधणी व दुरुस्तीवरच खर्च करावे, असेही कायद्यात म्हटले होते. पुढे मुंबई इलाख्यासाठी १८७५ चा तिसरा कायदा झाला. रस्ते व पुलांवरील पथकराचा तोच इलाख्यापुरता मुख्य आधार ठरला.

या तरतुदींचा एकत्र विचार केला असता एक विसंगती स्पष्ट होते. पुणे–अहमदनगर मार्ग हा दोन छावण्यांना जोडणारा, मूलतः लष्करी सोयीचा मार्ग होता. परंतु ज्याच्या सोयीसाठी तो बांधला गेला त्या सैन्याला पथकर माफ होता, आणि ज्वारी-बाजरी, गूळ किंवा कापूस घेऊन जाणाऱ्या गाडीवानाला तो भरावा लागत होता. इंग्लंडमधील विश्वस्त मंडळांवर निदान स्थानिक जमीनदारांचे व व्यापाऱ्यांचे नियंत्रण होते. येथे नाका हा सरकारी महसुलाचा भाग होता. शिवाय १८६९ च्या मुंबई लोकल फंड कायद्यान्वये जमीन महसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर घेतला जात असे आणि त्याचा दोन तृतीयांश भाग रस्त्यांसारख्या कामांसाठी होता. म्हणजे शेतकरी रस्त्यासाठी एकदा साऱ्याबरोबर पैसे देत होता व दुसऱ्यांदा नाक्यावर.

याचा अर्थ या रस्त्यांचा रयतेला काहीच लाभ झाला नाही असा नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधील गाड्या ओबडधोबड व जड होत्या. अखंड लाकडाची किंवा दगडाची चाके त्यांना असत. १८३६ च्या सुमारास सोलापूर भागातील टेंभुर्णी येथे महसूल पाहणी खात्यातील लेफ्टनंट गेसफर्ड यांनी हलक्या, सुधारित गाडीचा प्रसार केला. सडक पक्की झाली, गाडी हलकी झाली आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या तांड्याची जागा दोन बैलांच्या गाडीने घेतली. गाडी असलेला शेतकरी शेतीच्या रिकाम्या महिन्यांत भाडे मारू लागला. वंजारी तांड्यांचा परंपरागत व्यवसाय मात्र याच प्रक्रियेत ओसरला. एकाच सडकेने एकाला धंदा दिला व दुसऱ्याचा हिरावून घेतला.

पुलाची उभारणी

१८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात सार्वजनिक बांधकामांना अभूतपूर्व गती आली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले व इलाख्याच्या तिजोरीत पैसा खेळू लागला. सर बार्टल फ्रियर (१८६२–१८६७) यांच्या कारकिर्दीत सुरू झालेला हा बांधकामाचा ओघ त्यांचे उत्तराधिकारी सर सीमूर फिट्झगेराल्ड यांच्या काळातही चालू राहिला. त्यांच्याच नावाने बंडगार्डनजवळील पूल ओळखला गेला.

पुलाचे स्थान लक्षात घेण्याजोगे आहे. याच परिसरात मुळा-मुठेवर सर जमशेटजी जीजीभाई यांच्या मोठ्या देणगीतून १८५० च्या सुमारास बंधारा बांधण्यात आला होता. त्याच्या काठी तयार झालेल्या बागेला 'बंडगार्डन' हे नाव पडले. पुण्याच्या छावणीतून येरवड्याकडे व तेथून नगरकडे जाणारी वाहतूक येथे नदी ओलांडीत असे. १८६७ च्या सुमारास रॉयल इंजिनीअर्सचे कॅप्टन रॉबर्ट सेलन यांच्या देखरेखीखाली हा पूल उभारण्यात आला. पुण्यातील अशा धर्तीचा हा पहिला कमानपूल मानला जातो.

रचनेच्या दृष्टीने हा चपट्या, वर्तुळखंडाच्या आकाराच्या कमानींचा पूल आहे. पूर्ण अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा अशा कमानीची उंची कमी राहते. त्यामुळे पुलावरील रस्ता फार उंच न चढविता सपाट ठेवता येतो. ही सोय बैलगाडीच्या दृष्टीने महत्त्वाची होती, कारण चढावर बैल दमतो व उतारावर गाडी आवरत नाही. मात्र चपटी कमान आपल्या दोन्ही बाजूंच्या आधारांना अधिक जोराने बाहेर रेटते. म्हणून नदीकाठचे आधार भक्कम लागतात व पाया खडकापर्यंत न्यावा लागतो. दोन्ही टोकांना बसविलेली सिंहशिल्पे इटलीतील प्रसिद्ध मेदिची सिंहांच्या धर्तीची आहेत. दख्खनच्या काळ्या दगडातील पुलावर फ्लॉरेन्सच्या परंपरेतील सिंह बसविण्यामागे सत्तेचे प्रदर्शन हा हेतू उघड होता.

दगड, चुना आणि श्रम

दख्खनच्या पठारावरील पुलांना दगडाची ददात नव्हती. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण, सर्वत्र उपलब्ध होता. हा दगड कठीण, वजनदार व दाब सहन करणारा आहे. कमानीत दगडावर मुख्यतः दाबच येतो, ताण येत नाही. त्यामुळे हा दगड व ही रचना एकमेकांना पूरक ठरली. पाचरीच्या आकाराचे घडीव दगड लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी रचत आणले जात. मध्यभागी कळीचा दगड बसला व चुना धरला की साचा काढून घेत. त्या क्षणी कमान स्वतःचे वजन स्वतः पेलू लागते.

दगड जोडण्यासाठी चुना वापरला जाई. भट्टीत भाजलेला चुनखडा भिजवून, वाळू किंवा विटांची भुकटी म्हणजे सुरखी मिसळून, बैलाच्या घाणीत तो मळला जात असे. असा चुना सावकाश कठीण होतो व थोडीफार हालचाल सामावून घेतो. उन्हाळ्यात दगड प्रसरण पावतो, हिवाळ्यात आकसतो. चुन्याचा सांधा हा बदल सहन करतो, हे शंभर-दीडशे वर्षे टिकलेल्या पुलांचे एक रहस्य आहे.

या बांधकामांमागील श्रमिकांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. खाणीतून दगड काढणारे वडार, तो घडविणारे पाथरवट व बेलदार, डोक्यावर पाट्या वाहणाऱ्या स्त्रिया, चुन्याच्या घाणीवरील गडी यांच्या हातून हे पूल उभे राहिले. गाडीवडार आपल्या बुटक्या, मजबूत गाड्यांवर अवजड शिळा वाहून नेत. १८५४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गातून कनिष्ठ बांधकाम कर्मचारी तयार होऊ लागले. ठेकेदार, मुकादम, कारकून व अभियंता अशी नवी उतरंड निर्माण झाली. महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रांत येरवड्याच्या पुलासाठी साहित्य पुरविण्याच्या ठेक्याचा उल्लेख येतो. ठेकेदार म्हणून त्यांना आलेला बांधकाम खात्याचा अनुभव त्यांच्या लेखनात उतरला. इंजिनीअर खात्यातील कामगारांच्या गैरव्यवहारावर त्यांनी पवाड्याच्या रूपाने टीका केली आणि 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लोकल फंडाच्या विनियोगाबद्दल प्रश्न उपस्थित केले. रस्त्याचा व पुलाचा पैसा कोणाकडून येतो व कोठे मुरतो, हा प्रश्न मराठी विचारविश्वात इतक्या लवकर मांडला गेला होता, ही बाब महत्त्वाची आहे.

रेल्वे आणि मार्गाचे बदललेले स्थान

१८७६–७७ च्या दुष्काळात अहमदनगर जिल्हा होरपळून निघाला. दुष्काळी कामे म्हणून रस्ते व तलाव यांबरोबर दौंड–मनमाड रेल्वेमार्गाचे मातीकाम हाती घेण्यात आले. हा सुमारे १४५ मैलांचा मार्ग १८७८ मध्ये वाहतुकीस खुला झाला व अहमदनगर शहर थेट रेल्वेने जोडले गेले. खानदेश व नगरकडून पुण्याकडे जाणारा जो माल सडकेने जात असे त्याचा मोठा भाग आता रेल्वेकडे वळला. १८८४ व १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर व पुणे जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत सडका व रेल्वे या दोहोंचे वर्णन शेजारी शेजारी येते. लांबच्या मालाची सडक हळूहळू रेल्वे स्थानकाकडे जाणारी पूरक वाट बनत होती, असे त्या काळाविषयी म्हणता येईल. इंग्लंडमध्ये जे दोन-तीन दशकांत घडले तेच येथेही घडले.

विसाव्या शतकात मोटारीने सडकेला पुन्हा महत्त्व आणून दिले. याच मार्गाच्या पुणेकडील टोकाला १८९२ मध्ये बांधलेला आगाखान पॅलेस व दुसऱ्या टोकाला अहमदनगरचा भुईकोट किल्ला आहे. १९४२ च्या आंदोलनात महात्मा गांधी पहिल्या वास्तूत व पंडित जवाहरलाल नेहरूंसह काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य दुसऱ्या वास्तूत स्थानबद्ध होते. ज्या सत्तेने दोन छावण्या जोडण्यासाठी रस्ता बांधला, त्याच सत्तेला त्या रस्त्याच्या दोन टोकांवर राष्ट्राचे नेतृत्व कोंडून ठेवावे लागले. ही घटना मार्गाच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत व खडकवासला धरणे फुटून पुण्यात महापूर आला. त्यातूनही फिट्झगेराल्ड पूल टिकून राहिला. पुढे वाहनांची संख्या व वजन वाढले. शेजारी नवा पूल झाल्यावर जुन्या पुलावरील वाहतूक थांबविण्यात आली.

जतन : काय राखले, काय सुटले

२०१० च्या दशकात पुणे महानगरपालिकेने या पुलाचे रूपांतर पादचाऱ्यांसाठीच्या कलादालनात, 'आर्ट प्लाझा'मध्ये केले. वाहने गेली, लोक आले. जुनी वास्तू पाडून टाकण्यापेक्षा तिला नवा उपयोग देणे केव्हाही श्रेयस्कर आहे. उपयोग असलेल्या वास्तूकडे लक्ष राहते, उपयोग नसलेली वास्तू हळूहळू राडारोड्याची जागा बनते.

तथापि जतन म्हणजे केवळ दिवे, बाके व रंगरंगोटी नव्हे. दगडी पुलाचे शत्रू निराळे असतात. पाण्याच्या प्रवाहाने पायाखालील माती खरवडली जाते. सांध्यांत पिंपळ-वडाची रोपे रुजतात व मुळे दगड सारतात. पुलावरील पाण्याचा निचरा न झाल्यास ते कमानीच्या पोटात झिरपून चुना धुऊन नेते. दुरुस्ती करताना जुन्या चुन्याच्या दर्जा सिमेंटने भरल्यास आतील ओलावा कोंडतो व कठीण सिमेंट शेजारच्या दगडाच्या कडा फोडते. म्हणून चुन्याच्या बांधकामाला चुन्याचीच दुरुस्ती हवी, हे वारसा-जतनाचे प्राथमिक तत्त्व मानले जाते. चुना मळणारे व दर्जा भरणारे कसबी कारागीर मात्र दुर्मीळ होत आहेत.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला व एस.टी. बसगाड्यांसह वाहने वाहून गेली. १५ जून २०२५ रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. पहिली घटना वापरात असलेल्या जुन्या पुलाची तपासणी किती काटेकोर हवी हे सांगते. दुसरी घटना वाहने बंद केली म्हणजे धोका संपला असे नव्हे, हे दाखवून देते. जुना पूल जपणे व त्यावरील माणसांचे जीव जपणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. उलट नियमित तपासणीवाचून केलेले जतन हे जतनच नव्हे.

तिसरा प्रश्न अर्थाचा आहे. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात १८१३ मध्ये बांधलेला कॅसलमन नदीवरील ऐंशी फुटी एककमानी दगडी पूल या संदर्भात तुलनेसाठी घेता येईल. तेथील 'नॅशनल रोड'वरील हा पूल १९३३ पर्यंत वापरात होता. नवा पूल झाल्यावर जुना पूल दुरुस्त करून राखण्यात आला व १९६४ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. त्याच मार्गावर कंबरलंडजवळ ला व्हेल येथे १८३० च्या दशकातील पथकर नाक्याची इमारतही जपण्यात आली आहे. त्यामुळे तेथील अभ्यासकाला पूल, नाका व रस्ता एकत्र वाचता येतात. बंडगार्डनच्या पुलावर फिरणाऱ्याला मात्र हा पूल कोणत्या रस्त्याचा होता, त्या रस्त्यावर कोण चालत होते व त्याची किंमत कोण मोजत होते, याचा बोध होत नाही. पूल राहिला, परंतु रस्त्यापासून तुटला.

अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात

जतनाचे हे अपुरेपण जिल्ह्याच्या हद्दीत अधिक जाणवते. महानगरातील भव्य पुलाकडे निदान लक्ष जाते. ग्रामीण भागातील जुन्या सडकांवरील लहान दगडी पूल, मोऱ्या, फरश्या, मैलाचे दगड, धर्मशाळा व नाक्यांच्या जागा यांकडे पाहण्याची दृष्टीच विकसित झालेली नाही. रस्ता रुंद होताना अशी बांधकामे प्रथम जातात. १९५८ चा केंद्रीय व १९६० चा राज्याचा प्राचीन स्मारकविषयक कायदा प्रामुख्याने स्वतंत्र, ठळक वास्तूंचा विचार करतो. शेकडो मैल पसरलेल्या व रोज वापरात असलेल्या रस्त्याला त्या चौकटीत बसविणे अवघड आहे. बांधकाम खात्याच्या दृष्टीने जुनी मोरी ही केवळ अरुंद मोरी असते आणि पुरातत्त्व खात्याच्या दृष्टीने ती पुरेशी प्राचीन वा सुंदर नसते.

या दोन दृष्टींच्या मधल्या जागेत महाविद्यालयांना काम करता येण्याजोगे आहे. इतिहास विभागाने जुने नकाशे, गॅझेटियर व महसुली दप्तरे यांच्या आधारे जुन्या सडकेची रेषा निश्चित करावी. भूगोल विभागाने तिची प्रत्यक्ष पाहणी करावी. अभियांत्रिकी व भूशास्त्राच्या अध्यापकांनी दगड, चुना व कमानींची अवस्था नोंदवावी. मराठी विभागाने गाडीवान, वडार व वंजारी समाजांतील वृद्धांकडून रस्त्याविषयीचे शब्द, आठवणी व गीते संकलित करावीत. प्रत्येक मोरी वाचविणे शक्य नाही व आवश्यकही नाही. परंतु पाडण्यापूर्वी तिचे माप, छायाचित्र व स्थान नोंदविणे शक्य आहे. त्याला खर्च अल्प लागतो, शिस्त मात्र लागते.

पथकराचा प्रश्नही आज संपलेला नाही. २०१५ मध्ये राज्य शासनाने बारा नाके बंद केले व त्रेपन्न नाक्यांवर लहान वाहनांना सूट दिली. रस्ता हा सार्वजनिक हक्क आहे की मोल देऊन घ्यावयाची सेवा आहे, हा वाद त्या वेळी पुन्हा ऐरणीवर आला. १८५१ च्या कायद्याने दरांचा तक्ता लोकांच्या भाषेत लावण्याची सक्ती केली होती व उत्पन्न रस्त्यांवरच खर्चण्याचे बंधन घातले होते. या दोन तरतुदींमागील तत्त्व, म्हणजे घेतलेल्या पैशाचा लोकांना समजेल असा हिशेब, आजच्या चर्चेतही तितकेच प्रस्तुत आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, पुणे–अहमदनगर मार्ग लष्करी गरजेतून पक्का झाला, परंतु त्याचा भार पथकर व लोकल फंड या दोन वाटांनी प्रामुख्याने शेतकरी व गाडीवान यांच्यावर पडला. दुसरा, इंग्लंडमधील स्थानिक विश्वस्त मंडळांची पद्धत मुंबई इलाख्यात येताना सरकारी महसुलाचे साधन बनली व तिच्यातील स्थानिक सहभागाचा अंश गळून पडला. तिसरा, फिट्झगेराल्ड पूल हा त्या काळातील अभियांत्रिकीचा उत्तम नमुना आहेच, शिवाय तो अनाम पाथरवट, वडार व मजूर यांच्या कौशल्याचाही पुरावा आहे. चौथा, पुलाला नवा उपयोग देऊन त्याचे जतन करणे स्वागतार्ह असले, तरी नियमित तपासणी व योग्य साहित्याने दुरुस्ती यांशिवाय ते अपूर्ण राहते. पाचवा, वास्तूचे जतन तिच्या मार्गाच्या इतिहासासह झाले पाहिजे आणि त्याची सुरुवात अहमदनगर जिल्ह्यातील जुन्या सडकांच्या पद्धतशीर नोंदणीपासून व्हावयास हवी.

पूल हा दोन काठांना जोडतो, परंतु त्याला पूलपण येते ते रस्त्यामुळे. रस्त्याची स्मृती हरवली तर उरतो तो नदीतील एक देखणा दगडी अवशेष. त्या अवशेषाला पुन्हा इतिहासाचे साधन बनविणे हे शासनापेक्षाही या परिसरातील अध्यापक व अभ्यासकांचे कार्य आहे.